सहलीचे घड्याळ लहानग्यांच्या हाती

लांजा हे गाव समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधोमध वसलेले आहे. पश्चिमेस पूर्णगड, रत्नागिरीचा किनारा आणि पूर्वेस सह्याद्रीची निळसर रांग, तर मुंबई-गोवा महामार्ग गावाच्या बाजारपेठेला लागूनच जातो. पावसाळ्यात ही रांग ढगांत दडलेली असते आणि उन्हाळ्यात उष्म्याच्या धुरकटपणात पुसट होते. मार्गशीर्ष-पौषात मात्र हवा स्वच्छ होते, आंब्याला मोहोर धरू लागतो आणि सकाळच्या गारव्यात ते डोंगर जवळ आल्यासारखे भासतात. नाताळच्या सुट्टीत मुले घरी असतात. मग व्यापारी कुटुंबांत हमखास विषय निघतो, ‘एक दिवस दुकान बंद ठेवून घाटावर जाऊन येऊ.’

वाटा अनेक आहेत. महामार्गाने पालीपर्यंत जाऊन तेथून कोल्हापूर रस्त्याने नाणीज, दाभोळे, साखरपा असे करीत आंबा घाट चढता येतो. राजापूर तालुक्यातील ओणी-पाचलमार्गे अणुस्कुरा घाट आहे. आणखी दक्षिणेस वैभववाडीकडून गगनबावड्याला जाणारे करूळ आणि भुईबावडा घाट आहेत. तालुका न सोडता डोंगर पाहायचा असेल, तर भांबेड-प्रभानवल्लीच्या बाजूने विशाळगडाच्या शेजारचे माचाळ आहे. यांतील आंब्याची वाट लहान मुलांच्या कुटुंबाला सर्वांत सोयीची. लांज्याहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि वाटेत वस्ती, पाणी व उपाहारगृहे मिळतात.

अंतर थोडे असल्यामुळेच एक गफलत होते. शंभर किलोमीटर म्हणजे दोन तास, असा हिशेब मांडला जातो. दुकानदाराला दिवसाची किंमत ठाऊक असते, म्हणून एका दिवसात आंबा, विशाळगड, पन्हाळा, जमल्यास कोल्हापूर आणि रात्री उशिरा परत, अशी यादी तयार होते. आदल्या रात्री दहाला दुकानाची फळी लागते, रोजमेळ जुळवता जुळवता अकरा वाजतात, आणि पहाटे चारला तोच मनुष्य गाडीच्या चाकामागे बसतो. मागे दोन-तीन वर्षांचे मूल झोपेतून उचलून आणलेले, त्याच्याहून थोडे मोठे भावंड, आजी-आजोबा आणि मांडीवर डबे. या सहलीचे वेळापत्रक दुकानाने ठरवलेले असते. वास्तविक लहान मुलांसह घाट चढायचा असेल, तर ते वेळापत्रक कुटुंबातील सर्वांत लहान व्यक्तीने आणि सूर्याने ठरवावे, हे उत्तम.

ही दृष्टी व्यापाऱ्याला परकी नाही. डांबरी सडका येण्यापूर्वी कोकण आणि देश यांच्यातील व्यापार याच घाटवाटांवरून चाले. किनाऱ्यावरचे मीठ, नारळ, सुपारी वर जाई आणि घाटावरचे धान्य, गूळ खाली येई. राजापूर बंदरातला माल अणुस्कुऱ्याच्या वाटेने बैलांच्या पाठीवर चढे. तेव्हाची मजल मालाच्या घाईवर बेतता येत नसे. ती जनावराच्या दमावर, पाणवठ्यावर आणि उरलेल्या उजेडावर बेतावी लागे. थकलेला बैल कड्याशी ढासळला, तर बैल आणि माल दोन्ही जात. आज बैलांच्या जागी इंजिन आले आहे. कुटुंबातला सर्वांत नाजूक प्रवासी मात्र पूर्वीइतकाच नाजूक आहे.

सूर्याचा हिशेब प्रथम पाहू. डिसेंबरअखेर या भागात सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि सूर्यास्त सहा वाजून काही मिनिटांनी. म्हणजे हाती सुमारे अकरा तासांचा दिवस. त्यात लांज्याहून जाणाऱ्याची आणखी एक अडचण आहे. घाट पूर्वेला असल्याने सकाळी लवकर निघाल्यास कोवळे ऊन थेट चालकाच्या डोळ्यांवर येते, आणि संध्याकाळी परतताना मावळता सूर्य पुन्हा समोरच. वळणावर अचानक काच उजळते आणि क्षणभर समोरचे काहीच दिसत नाही. काचेवर धूळ असेल तर अधिकच. म्हणून काच आतून-बाहेरून पुसलेली असावी आणि घाट उतरण्याची वेळ दुपारी तीन-चारच्या पुढे जाऊ नये.

यावरून दिवसाची आखणी सहज होते. आदल्या दिवशी दुकान नेहमीपेक्षा दोन तास आधी बंद करावे आणि चालकाने सात तास झोप घ्यावी. नवकारशी पाळणाऱ्या घरांत सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे आठच्या आसपास न्याहारी होते. ती हलकी असावी. साडेआठला निघावे. तोवर दऱ्याखोऱ्यांतले धुके विरू लागते आणि सूर्यही वर सरकलेला असतो. वाटेत दोन थांबे घेत अकराच्या सुमारास आंब्याला पोहोचावे, तीनला परतीला लागावे आणि साडेपाचपर्यंत घर गाठावे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असलेल्या घरांत तोही निर्विघ्नपणे पाळला जातो. ज्या नियमामुळे काहींना प्रवासात अडचण वाटते, तोच येथे कुटुंबाला अंधारापूर्वी घाटाबाहेर आणतो. अंधारात या जंगलातले गवे रस्त्यावर येतात. काळ्या अंगाचे ते प्रचंड जनावर दिव्याच्या झोतात फार उशिरा दिसते.

आता बसण्याची व्यवस्था. आपल्याकडे लहान मूल आईच्या मांडीवर बसते, कधी पुढच्या आसनावर बाबांच्या शेजारी उभे राहते. त्यामागे प्रेम असते. पण आकडे प्रेमाचे ऐकत नाहीत. ताशी ४० किलोमीटर हा वेग कोणालाच मोठा वाटत नाही. त्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. त्या वेगात गाडी आदळणे म्हणजे सव्वासहा मीटरवरून, जवळपास दोन मजल्यांच्या उंचीवरून, खाली पडण्यासारखे आहे. सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी थांबली, तर १० किलोचे मूल हातांना ११० किलोंहून जड होते. कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. उलट, पट्टा न लावलेल्या मोठ्या माणसाच्या मांडीवर मूल असेल, तर त्या माणसाचे सारे ओझे मुलावर येते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही, हा समज तर किती महागात पडतो, हे उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघाती मृत्यूनंतर साऱ्या देशाने चर्चिले. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी उत्तम होती, रस्ता रुंद होता.

म्हणून गाडीत जितके पट्टे, तितकीच माणसे. सात आसनांच्या गाडीत नऊ जण बसवून केलेली बचत ही बचत नव्हे. माणसे अधिक असतील तर दुसरी गाडी घ्यावी, किंवा काहींनी पुढच्या रविवारी जावे. दोन वर्षांपर्यंतचे मूल शक्यतो मागे तोंड केलेल्या बालआसनात, मागच्या बाकावर असावे. पुढे हवेची पिशवी असलेल्या आसनावर असे बालआसन कधीही लावू नये. त्याहून मोठ्या मुलासाठी वय, वजन व उंचीनुसार पुढे तोंड केलेले आसन किंवा उंची वाढवणारी बैठक मिळते. थंडीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फुगीर जाकीट घालून मुलाला पट्टा लावला, तर पट्टा घट्ट वाटतो. प्रत्यक्षात तो अंगापासून दूर राहतो आणि धक्क्याच्या वेळी जाकीट दबून सैल पडतो. मुलाला पातळ स्वेटर घालून पट्टा लावावा आणि वरून शाल पांघरावी.

मुले या आसनात प्रथम रडतात, हे खरे. त्यावर उपाय सहलीच्या दिवशी शोधू नये. पंधरा दिवस आधीपासून मंदिरात, बाजारात, आजोळी जाताना मुलाला तेथेच बसवावे. मोठ्यांनीही प्रत्येक वेळी स्वतःचा पट्टा लावावा. मग सहलीच्या दिवशी त्या आसनाचे मुलाला नावीन्य उरत नाही.

घाटातील दुसरे संकट म्हणजे ‘गाडी लागणे’. साखरपा मागे पडून चढ सुरू झाला की मागच्या बाकावरचा किलबिलाट थांबतो, मूल गप्प होते, चेहरा पांढरा पडतो, ओठांवर घाम येतो आणि जांभया सुरू होतात. ही पूर्वसूचना असते. याचे कारण सोपे आहे. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते मेंदूला कळवते की आपण वळतो आहोत, डोलतो आहोत. डोळे मात्र हातातल्या मोबाइलवर किंवा समोरच्या आसनाच्या पाठीवर खिळलेले असतात. ते कळवतात की सारे स्थिर आहे. दोन वह्यांतील नोंदींचा मेळ बसत नाही आणि त्याचा त्रास पोटाला होतो. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो, तान्ह्यांना क्वचितच.

उपायही त्या कारणातच आहे. घाटात मोबाइल व चित्रांचे पुस्तक बंद. मुलाला काचेतून दूरचे दाखवावे, डोंगराची कड, दरीपलीकडचे झाड, वर दिसणारा रस्ता. खिडकी थोडी उघडावी, उग्र सुगंधाची कुपी गाडीतून काढून टाकावी आणि वळणावर वेग आधीच कमी करावा. वळणात शिरल्यावर दाबलेला ब्रेक पोट ढवळून काढतो. रिकाम्या पोटी नेऊ नये आणि भरपेटही नेऊ नये. खाकरा, दशमी, भडंग असे कोरडे थोडेथोडे द्यावे. तळलेले आणि गोड परतीनंतर. आले वर्ज्य असलेल्या अनेक घरांत सुंठ चालते. तिची चिमूट गुळाबरोबर थोड्या मोठ्या मुलास चघळायला देण्याची जुनी पद्धत आहे. औषध द्यायचेच असेल, तर ते बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजनाप्रमाणे आणि निघण्याआधी. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून मुलाला देणे सर्वथा टाळावे. पिशव्या, ओले फडके आणि कपड्यांचा एक जोड हाताशी असावा, डिकीत नव्हे. आणि मुलाला उलटी झालीच, तर त्याला रागावू नये. पुढच्या वेळी ते गाडीत बसण्याआधीच भीतीने अर्धे आजारी होते.

घाट चढताना-उतरताना कानांत दडे बसतात. उतरताना ते अधिक जाणवते, आणि सर्दी असलेल्या मुलाचा कान दुखूही शकतो. गिळण्याच्या क्रियेने कान मोकळा होतो. म्हणून उतार सुरू होताना मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्यावे. तान्ह्याला पाजायचे असेल, तर गाडी सुरक्षित जागी उभी करूनच त्याला आसनातून बाहेर घ्यावे. पाणी घरचे उकळलेले न्यावे. ज्या घरांत ते नेहमीच उकळून घेतात, तेथे सांगण्याची आवश्यकता नाही. थंडीचा अंदाजही बांधता येतो. उंचीच्या प्रत्येक हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. आंबा सुमारे दोन हजार फुटांवर आहे. म्हणजे उन्हात फरक फारसा कळत नाही. सावलीत आणि वाऱ्यावर मात्र मुलाचे कान, हात, पाय गार पडतात. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. ते काढता-घालता येतात.

चालकासाठी थोडे. आंबा घाटात जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून रस्ता अनेक ठिकाणी खचला होता आणि बराच काळ अवजड वाहतूक बंद होती. या मार्गाच्या चौपदरीकरणाचेही काम हाती घेण्यात आले. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्याची चौकशी करावी. चौकशीचे उत्तर समाधानकारक नसेल, तर बेत बदलावा. अरुंद चढावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा नियम आहे. त्यात कमीपणा नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. जळका वास आला, तर रुंद जागा पाहून गाडी उभी करावी आणि ती निवेपर्यंत थांबावे. धुके लागले तर दिव्यांचा झोत खाली ठेवावा, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांवर येतो.

घाटातल्या कठड्यांवर वानरे बसलेली असतात. गाडी थांबवून त्यांना केळी, बिस्किटे देण्याचा मोह मुलांना होतो आणि मोठ्यांनाही त्यात पुण्य वाटते. पण त्या खाऊच्या आशेने ती रस्त्यावर उतरतात आणि चाकांखाली येतात. जंगलातले अन्न शोधण्याची त्यांची सवयही सुटते. काचा बंद ठेवून पुढे जाणे, हीच त्या जिवांवर दया. मुलाला हे कारण सांगितले, तर ते समजते. आणि पुढच्या वेळी तेच मूल मोठ्यांना थांबवते.

एवढ्या दक्षतेनंतर मुलाला मिळते काय, असा प्रश्न कोणी विचारील. आंब्याला पोहोचल्यावर यादी पुरी करण्याची घाई नसेल, तर पुष्कळ मिळते. घाटमाथ्यावरून कोकण खाली पसरलेले दिसते. ‘आपले घर त्या बाजूला’ असे बोट दाखवले की चार वर्षांचे मूलही डोळे बारीक करून पाहते. पंखांचा घरघर आवाज करीत एखादा धनेश दरीवरून जातो. थोड्या मोठ्या मुलांना विशाळगडाच्या वाटेवरची पावनखिंड सांगावी. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे यांनी ती वाट अडवून धरली, ती कथा डोंगर समोर असताना वेगळीच वाटते.

आणि शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी, रस्त्याची खात्री करून घेऊन, केव्हातरी माचाळही पाहावे. अगदी अलीकडेपर्यंत तेथे पायवाटेनेच जावे लागे. तेथे बाजार नाही, म्हणून खाणे-पाणी सोबत न्यावे आणि कचरा सोबत आणावा. मुचकुंद ऋषींची गुहा तेथे दाखवतात, आणि लांजा तालुक्यातून वाहत पूर्णगडाशी समुद्राला मिळणारी मुचकुंदी नदी त्याच डोंगरात उगम पावते. नदी कोठून येते हे पाहिलेल्या मुलाला भूगोलाचा एक धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

मूल दिवसात एकच गोष्ट मनापासून पाहते. कधी ती दरी असते, कधी रस्त्याकडेची मुंग्यांची रांग. तिच्यापाशी त्याला वीस मिनिटे बसू देणे, हे चार स्थळे दाखवण्यापेक्षा मोलाचे आहे. विशाळगड राहिला तर राहू द्यावा, पन्हाळा पुढच्या वर्षी. डोंगर कोठे जात नाहीत. तीन वाजले की डबे आवरावेत, सर्वांचे पट्टे एकदा हाताने ओढून पाहावेत आणि उजेड आहे तोवर घाट उतरावा. दुकान दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उघडता येते, आणि ते उघडणारा मनुष्य नीट झोपलेला असतो.